एकशेसत्तावीसला मारलेली हाक

ती. रिग्मोर मावशीस,

एस्किलचा साष्टांग नमस्कार (खरंच घातला असता, पण पाठ धरली आहे). तुझे गुडघे कसे आहेत? माझे ठीक आहेत. बाकी माझं काही म्हणजे काही ठीक नाही.

सरकारने आमचं ग्रेनरूप आणि खाडीपलीकडचं स्कोवहुस यांची मोट एका नगरपालिकेत बांधल्यापासून दोन्हीकडचे लोक एकाच कचेरीत बसून एकमेकांच्या कॉफीला नावं ठेवतात, हे तुला ठाऊक आहेच. तिथल्या कॉम्प्युटरचं जाळं सांभाळायचं माझ्या नशिबी आलं. मंगळवारी मला पन्नास वर्षं पूर्ण झाली. रिवाजाप्रमाणे स्वतःचा केक स्वतःच नेला, टेबलावर छोटे झेंडे लावले आणि सगळ्यांच्या पडद्यावर निरोप धाडला, 'सगळ्यांनी या.' ग्रेनरूपचे झाडून सगळे आले. स्कोवहुसकडून एकटी बिर्थे सोडली तर चिटपाखरू फिरकलं नाही.

आता कारण ऐक (कंटाळलीस तरी ऐक, दुसरं कोणी ऐकत नाही). जाळ्यात प्रत्येक यंत्राला घरासारखा क्रमांक असतो, आणि आपली आळी कुठे संपते हे नेटमास्क सांगतो. आळीचा शेवटचा क्रमांक कुणालाच देत नाहीत. त्या क्रमांकावर मारलेली हाक आळीभर ऐकू जाते. आमचा तो क्रमांक दोनशे पंचावन्न. पण मी आळीचे दोन भाग करायला घेतले, ग्रेनरूपच्या यंत्रांचे मास्क बदलले, आणि तेवढ्यात शुक्रवारची दुपार झाली, स्कोवहुसचे बदलायचे राहिलेच. म्हणजे माझ्या यंत्राच्या मते आळी एकशेसत्तावीसलाच संपली! मी तिथे हाक मारली. स्कोवहुसच्या जुन्या मास्कवाल्या यंत्रांच्या लेखी ते कुणाचं तरी साधं घर. आपलं नाही म्हणून त्यांनी निरोप टाकून दिला. आणि ते घर निघालं बिर्थेचं.

करवसुलीतला प्रेबेन, तोही स्कोवहुसचाच, सगळ्यांदेखत म्हणाला, "आम्हाला टाळायला आडवाटा कशाला शोधतोस रे? सरळ तोंडावर सांग की!" निम्मी कचेरी माझ्याशी बोलत नाही. नगराध्यक्षीणबाईंना सोमवारी लेखी खुलासा हवा आहे. खुलासा केला की मी सुटलो, पण मग बिर्थेलाही कळणार, की तिला आलेलं बोलावणं म्हणजे निव्वळ माझा गाढवपणा. मावशी, ती माझ्या शेजारी बसली, केकचे दोन तुकडे खाल्ले, आणि सगळे गेल्यावर बशा पुसायला थांबली. मला एवढ्या वर्षांत कुणी बशा पुसू लागलं नव्हतं गं. तेव्हा ठरवलं आहे, 'मीच मुद्दाम वगळलं' असं लिहून द्यायचं. नोकरी गेली तर गेली.

तुझा अभागी,
एस्किल

ता. क. राहवेना, म्हणून आज बिर्थेला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "अरे, 'सगळ्यांनी या' असंच लिहिलं होतं त्यात. मला वाचता येतं. प्रेबेन शेजारीच बसला होता, त्याच्या पडद्यावर काहीच आलं नव्हतं. मी निरोप बंद केला, केस सारखे केले आणि एकटी वर आले."

ता. ता. क. खुलाशात सगळं खापर मास्कवर फोडलं आहे. आईची अंगठी तुझ्या कपाटात असेल तर लगेच पाठव. आणि लग्नाचं बोलावणं करायला मी दारोदार पायी जाणार आहे, स्कोवहुसपासून सुरुवात करून.