त्रेचाळीस वेळा मेलेला शिपाई

मी, वय वर्षे एक्क्याऐंशी, आधी लष्करातून आणि मग सिनेमात प्रेत होण्याच्या कामातून निवृत्त, हे पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवतो. बायको शेजारून "अक्षर नीट काढा" म्हणते आहे, ते दडपण धरू नये. पडद्यावर त्रेचाळीस वेळा मेलो, पण कागदपत्रे करण्याची ही पहिलीच वेळ.

१. राहते घर गच्चीसह पत्नीस. लढाईत माझा जोडीदार शेजारीच पडला, तो उठलाच नाही. परतल्यावर मी आठ महिने या घरात भिंतीकडे तोंड करून मुका बसलो. शेवटी थोरल्या वहिनीने मला युद्धपटाच्या चित्रीकरणावर ढकलत नेले. "नुसतं पडून राहायचंय, भाऊजी. घरी तेच तर करता!"

स्फोट झाला, बाराजण कोसळले. मी डोके हातांखाली घेऊन जमिनीला चिकटलो. 'कट' ऐकताच सगळी प्रेते कपडे झटकत उठली आणि एकजण मला म्हणाला, "सरका हो, माझ्या चपलेवर पडलायत." मला हसू फुटले, हसता हसता रडू, पुन्हा हसू. दिग्दर्शक किंचाळला, "त्या प्रेताला आवरा!" जखमा रंगवणारी धावत आली. "रडा खुशाल, पण माझं रक्त ओघळतंय."

मी म्हणालो, "पुन्हा रंगवा." आठ महिन्यांतले पहिले शब्द. तीच ही पत्नी.

२. तिची रंगांची पेटी कोणास द्यावी हे मी ठरवू नये, असे आत्ताच बजावण्यात आले आहे.

३. लष्करी बूट पुतणीस. तिने त्यांत खुशाल रोपे लावावीत.

४. दिग्दर्शकास काहीही नाही. "साहेब, पूल गेला!" हे माझे एकुलते एक वाक्य त्याने कापले. माफीही नाही.

५. जोडीदाराचे घड्याळ त्याच्या बहिणीस. ते द्यायची हिंमत मला त्या चित्रीकरणानंतर झाली. तिने दारातच विचारले, "फार त्रास झाला का त्याला?"

"नाही, ताई. माझ्या बेसूर गाण्यावर हसत होता, तेवढ्यात."

"मग गा की."

मी गायलो. ती डोळे पुसत हसली, म्हणाली, "घड्याळ तुमच्याकडेच राहू द्या. दर रविवारी घेऊन या, किल्ली मी देईन." त्रेपन्न वर्षे जातो आहे. येत्या रविवारीही जाणार आहे, म्हणून या मृत्युपत्राची कोणी घाई करू नये.

साक्षीदार: समोरचा शिंपी (सही). खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई (सही, हसताना शाई सांडली).

ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: नऊ मार्च, शुक्रवार, सकाळ.