बकुळाचा पान्हा आणि ग्रीसचा प्रवास

प्रति,
मा. पशुधन विकास अधिकारी,
पशुवैद्यकीय दवाखाना, पाणंदवाडी,
ता. कागल, जि. कोल्हापूर.

अर्जदार: पिराजी ज्ञानू मगदूम, सेवानिवृत्त लिपिक, ग्रामपंचायत पाणंदवाडी.

विषय: बकुळा नावाच्या म्हशीबाबत दाखला मिळणेबाबत (कारण: पत्नीचा ग्रीस देशाचा प्रवास).

संदर्भ: १) अर्जदाराचा मागील महिन्यातील अर्ज, ज्यात सदर म्हशीस दहा दिवस दवाखान्यात दाखल करून घ्यावे, अशी विनंती होती.
२) त्यावर आपण हसून दिलेले तोंडी उत्तर.

महोदय,

१. संदर्भ क्र. १ चा अर्ज अर्जदार बिनशर्त मागे घेत आहे. त्या वेळी म्हैस अर्जदाराच्या हाताला पान्हा सोडत नव्हती, ही अडचण होती. आता ती सोडते आहे, आणि हीच अडचण झाली आहे. हे वाचून अर्जदाराच्या डोक्यावर परिणाम झाल्याची शंका आपणांस येईल. शेजारी उदयसिंह यांना ती आलीच आहे. तरी अर्ज अर्धाच वाचून बाजूस ठेवण्याची कचेरीची रीत या एका प्रकरणी सोडावी, ही विनंती.

२. वस्तुस्थिती अशी की, अर्जदाराची कन्या प्रियदर्शनी पुण्यात नोकरीस असून तिने आईला ग्रीस देश दाखवण्याचे ठरवले. तिकिटे झाली, व्हिसा झाला. पाडव्यानंतरच्या शनिवारी विमान आहे. देश उन्हाचा, समुद्राकाठचा आणि दोन-अडीच हजार वर्षांच्या पडक्या देवळांनी भरलेला. मायलेकींनी जायचे आणि अर्जदाराने मागे राहून गोठा सांभाळायचा, असे ठरले. अर्जदाराची पत्नी सौ. आक्काताई हिने प्रथम साफ नकार दिला. "पडकं बघाय एवढं लांब? आपल्या पन्हाळ्यावर काय कमी हाय?" असे तिचे म्हणणे पडले. तिकडे ऊन फार, टोपी घे, असे मुलीने सांगताच, "उनाचं मला सांगतीस व्हय? उसाच्या भांगलणीत जल्म गेला माझा," असेही ती म्हणाली. परंतु मुलीने पाठवलेला प्रवासाचा कार्यक्रम तिने गोठ्याच्या खांबाला खिळ्याने लावला, तेव्हाच अर्जदार काय ते समजला.

पुढे ती रंगली. नवे बूट आणले. साडीवर बूट घालून सांजच्याला पाणंदीने चालण्याचा सराव सुरू झाला. धार काढताना मोबाईल गव्हाणीवर टेकवून ती तिथली देवळे पाहू लागली. एका ठिकाणी दगडी पायऱ्यांचे अर्धगोल नाट्यगृह आहे. खाली मधोमध उभे राहून कुजबुजले तरी वरच्या पायरीवर ऐकू जाते, असे मुलीने सांगितले. त्यावर ती म्हणाली, "मी तितनं बकुळाला हाक मारतो. बघू हितं ऐकू येती का." अर्जदाराने तिला अंतर समजावून सांगितले, पण तिने ते मनावर घेतले नाही. लग्नाला पस्तीस वर्षे झाली, पत्नी इतकी खुशीत असल्याचे अर्जदाराच्या पाहण्यात नव्हते. एकच प्रश्न ती पुन्हा पुन्हा विचारी, "घरं टाकून ही समदी माणसं गेली कुठं? मागं दिवा लावायलाबी कुणी ऱ्हायलं न्हाय?" मुलीने इतिहास सांगितला, तरी तिचे समाधान झालेले दिसले नाही.

३. आता म्हशीविषयी. बकुळा तीन दिवसांची असताना तिची आई दगावली. पत्नीने तिला बाटलीने दूध पाजून जगवले, थंडीत आपल्या वाकळेत निजवले. म्हणूनच ती पत्नीखेरीज कोणाच्या हाताला पान्हा सोडत नाही. यंदाचे रेडकूही जगले नाही, त्यामुळे तोही आधार नाही. परिणामी पत्नीने आजवर एकही रात्र घराबाहेर काढलेली नाही. मुलीच्या लग्नात, गारगोटीला, अक्षता पडल्या आणि ही बाई नवरीच्या आधी गाडीत बसली, कारण धारेची वेळ झाली होती. दूध तसेच राहिले तर कास सुजते, हे आपणांस सांगणे म्हणजे सूर्याला काजवा दाखवणे आहे. उदयसिंह यांनी सुचवलेले पान्ह्याचे इंजेक्शन अर्जदाराने नाकारले, कारण ते बेकायदेशीर असल्याचे आपणच ग्रामसभेत सांगितले होते.

४. सबब अर्जदाराने गावातील जुना उपाय केला. पत्नीची न धुतलेली साडी नेसून, हातात तिच्या बांगड्या चढतील तेवढ्या चढवून तो धारेस बसू लागला. गल्लीतील लोक दावणीपाशी जमू लागले. "पिराजीराव, पदर सावरा की!" असे उदयसिंह रोज ओरडत. म्हैस मात्र फसली नाही. तिने दोन वेळा चरवी उडवली आणि एकदा अर्जदाराचा घोटा सुजवला. पत्नी दारात उभी राहून हसे आणि शेवटी स्वतः येऊन धार काढी. "सोडा तुमी. माझ्याबिगर जमायचं न्हाय तिला," असे म्हणताना तिच्या चेहऱ्यावर काय असे, ते पाहण्याची अक्कल अर्जदारास त्या वेळी झाली नाही.

५. गेल्या सोमवारी सायंकाळी बकुळाने पान्हा सोडला. अर्जदार साडीतच फेसाळ चरवी घेऊन स्वयंपाकघरात धावला. पत्नीने चरवीत पाहिले, "बरं झालं" म्हणाली आणि चहाचे आधण ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेली बॅग रिकामी होती, बूट वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेले होते आणि खांबावर नुसता खिळा होता. विचारले असता ती एवढेच म्हणाली, "मी न्हाय जात. मी न्हाय आलो परत तरी हितं कुणाचं काय आडत न्हाय." त्या दिवसापासून ती गोठ्यात येते, पण उंबऱ्यावर बसते. चरवी अर्जदाराकडे सरकवून म्हणते, "तुमीच काढा. तुमच्या हाताला लागली आता." मुलीचे फोन ती घेत नाही.

महोदय, ग्रामपंचायतीत असताना अर्जदाराने माणसांच्या अनेक तक्रारी नोंदवून घेतल्या. परंतु अडचण दूर झाली म्हणून कोणी रडल्याची नोंद त्यात नाही. त्या रात्री ती रडत होती. अर्जदार जागा होता.

६. त्यानंतर अर्जदाराने केलेले प्रयत्न लाज सोडून नमूद करीत आहे. म्हशीने पुन्हा नकार द्यावा म्हणून तो साडी सोडून पायजम्यात बसला. तिने पान्हा सोडला. डोक्याला टोपी घालून, मुद्दाम खाकरत बसला. पान्हा सोडला. विडीचा वास तिला अजिबात खपत नाही, म्हणून ओढत नसताना विडी पेटवून बसला. अर्जदाराला ठसका लागला, म्हशीने पान्हा सोडला. ज्या जनावराने महिनाभर लाथा घातल्या, त्याने आता लाथ घालावी म्हणून अर्जदार हात जोडून उभा आहे आणि ते शांतपणे रवंथ करीत आहे. घरात दूध आहे आणि बोलणे नाही. तिकीट रद्द करण्याची मुदत येत्या बुधवारी संपते. मुलगी रोज विचारते. तिला काय सांगावे?

७. तथापि याच खटाटोपात पुढील बाबी अर्जदाराच्या नजरेस आल्या. त्या शंभर टक्के खऱ्या आहेत. धार देताना बकुळा मान वळवून दाराकडे पाहत राहते. पत्नीच्या बांगड्या परसात वाजल्या, तर कान तिकडे फिरतात आणि तेवढ्यापुरती धार थांबते. पेंड-भुशाच्या आंबोणाची पाटी दिली, तरी तळाचे आंबोण तसेच राहते. पत्नीने पाटी हलवून दिल्याशिवाय ते ती खात नाही. म्हणजे ती दूध देते आहे, पण ते केवळ निभावून नेण्यापुरते. अर्जदाराने हे पत्नीस सांगितले. "मला बरं वाटावं म्हणून बोलताय," असे ती म्हणाली. नवऱ्याचे म्हणणे पुरावा म्हणून चालत नाही, हे अर्जदारास आता कळून चुकले आहे. आपले मात्र ती मानते. "डाक्टर म्हशीच्या बाजूनं बोलतोय," असे ती नेहमी म्हणते.

८. करिता विनंती की, आपण बुधवारपूर्वी एका सायंकाळी धारेच्या वेळी समक्ष गोठ्यात यावे, वरील बाबींची खातरजमा करावी आणि खऱ्या आढळल्या तरच खालील मजकुराचा दाखला सहीशिक्क्यानिशी द्यावा. तो अर्जदाराच्या हाती न देता थेट पत्नीच्या हाती द्यावा. अर्जदाराने दिल्यास तो त्यानेच लिहिला असे तिला वाटेल. आयुष्यभर त्याने तेच काम केले आहे.

मजकूर असा: "सदर म्हैस तपासली. मालकिणीवाचून ती दहा दिवस कशीबशी काढेल. अकराव्या दिवसाची हमी हा दवाखाना घेऊ शकत नाही."

९. सदर दाखल्यात 'म्हैस' या शब्दापुढे 'व मालकिणीचा नवरा' इतके लिहिण्यास जागा उरल्यास उपकार होतील. माणूस आपल्या अखत्यारीत येत नाही, याची अर्जदारास पूर्ण कल्पना आहे. परंतु आपण येणारच आहात, तर त्यासही एकदा पाहावे. लक्षणे सारखीच आहेत. पाटीतले तळाचे त्याच्याही घशाखाली उतरत नाही.

आपल्या मोटारसायकलच्या आवाजाकडे कान लावून बसलेला,

पिराजी ज्ञानू मगदूम
पाणंदवाडी, दि. २० मार्च २०२५

सोबत:
१) दूध संस्थेच्या मागील आठवड्याच्या पावत्या.
२) ग्रीस प्रवासाचा कार्यक्रम, मूळ प्रत. शेणाचा डाग आहे, क्षमा असावी. चुलीजवळच्या सरपणातून काढला आहे. काम होताच परत मिळावा, खांबावर खिळा तसाच ठेवला आहे.