चाळीस कासवं

३ मार्च, रविवार
आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं. पुढे जिंकायला लागल्यावर वाचायला बरं.
क्लबात पत्त्यांच्या लढाईत हरलो. कारण: मिणमिणता बल्ब. तो बदलून टाका असं क्लबवाल्याला तीनदा सांगून झालं. जोडीदार म्हणजे माझी लेक. ती म्हणाली, बाबा, चष्मा लावा. माझं स्वतःचं चष्म्याचं दुकान आहे, मला शिकवते! चाळिशी मी लोकांना लावतो, मला लागलेली नाही. वय तरी काय, सत्तेचाळीस.

४ मार्च, दुपार. दुकानात शुकशुकाट.
खेळात ज्याचा त्याचा डेक, म्हणजे गठ्ठा, चाळीस पत्त्यांचा. लोक त्यात वाघ, ड्रॅगन, जादूगार असली सरमिसळ करतात. मी चाळीसच्या चाळीस कासवं घेतली. कासव हल्ला करत नाही, पण लवकर मरतही नाही. समोरचा डोकं आपटून दमतो. मग निघतो कूर्मराज! समोरचं अख्खं सैन्य साफ. अट एकच, आठव्या फेरीआधी तो काढता येत नाही. पत्त्यावर खाली मुंगीएवढ्या इंग्रजी आकड्यात लिहिलंय. मुद्दाम बारीक छापतात.
कूर्मराज माझ्याकडे आहे हे लेकीलाही सांगितलेलं नाही. जोडीदाराचे पत्ते बघायचे नसतात, नियमच आहे. निघेल तेव्हा तिचं तोंड बघण्यासारखं होईल.

१० मार्च, रविवार
पाचव्या फेरीत हरलो. कूर्मराज पहिल्यापासून हातात होता. हल्लीच्या लोकांना धीर म्हणून नाही, भराभर मारत सुटतात.
 परतताना लेक म्हणाली, एकतीसला जोड्यांची स्पर्धा आहे, आणि चोवीसला पुन्हा हरलो तर ती औषधवाल्या बाईंबरोबर उतरेल. या बाई माझ्या शेजारच्याच दुकानातल्या. वाघ खेळतात. मी म्हटलं, खुशाल उतर.

११ मार्च
खुशाल म्हणायला नको होतं. नोकरी लागल्यापासून लेक घरात दिसते ती बूट घालताना. रविवारचे दोन तास तेवढी माझ्या शेजारी बसते. ते मी औषधवाल्या बाईंना देणार नाही. कोणालाच देणार नाही.
ठराव: रोज अर्धा तास सराव.

१५ मार्च
दुकानात एक मास्तर आले. वर्तमानपत्र हातभर लांब धरून वाचत होते. त्यांना चांगलं सुनावलं, की मास्तर, स्वतःला किती दिवस फसवणार? दोन मिनिटांत पटलं. फ्रेमही भारीतली घेतली.

१६ मार्च
सराव झाला नाही. पत्ते हातात घेतले की डोकं ठणकतं. बायकोचंही तेच, चष्मा. दोघी एकमेकींना सामील आहेत. घरातले बल्ब बदलले.

२४ मार्च, रविवार
सातव्या फेरीपर्यंत टिकलो!! फक्त एक फेरी हवी होती. लेकीचं सैन्य चौथ्यातच संपलं. ती सारखी माझ्याकडे बघत होती, बाबांकडे काहीतरी असेल म्हणून. मी डोळा मारला. सातव्यात आम्ही दोघं गार.
उठताना कूर्मराज टेबलावर आपटला आणि समोरच्यांना ऐकवलं, की एका फेरीनं वाचलात. लेकीनं पत्ता उचलला. वाचला. पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाली, बाबा, हा आठ नाही, तीन आहे.
छपाई भिकार.

२५ मार्च, सकाळी
शटर अर्धवटच उघडून दीड नंबरची भिंगं लावून पत्ता पाहिला. तीन आहे.
चष्मा केला. 

२८ मार्च
लेकीला चष्मा लावून दाखवला. छान दिसतो म्हणाली. मग एकतीसचं विचारलं. म्हणाली, बाईंना शब्द दिलाय. शब्द पाळायला मीच शिकवलं. नसतं शिकवलं तर बरं झालं असतं. फार वाईट वाटलं.
तरी कासवं सोडणार नाही. कासवांत खोट नाही. बघाच.

३१ मार्च, रविवार
प्रेक्षकांत बसलो. लेक आणि बाई थेट फायनलला. वाघ बरे खेळतात, नाही म्हणत नाही. समोर साठीच्या दोघी बहिणी. दोघींच्या नाकावर चष्मे. पहिल्या फेरीत थोरलीनं कासव ठेवलं, दुसऱ्या फेरीत आणखी दोन. मी सरसावून बसलो. तिसऱ्या फेरीत तिनं कूर्मराज काढला आणि बाईंचे सगळे वाघ साफ, लेकीचं सैन्यही.
मी खुर्चीवरून उठून जोरजोरात टाळ्या वाजवल्या. म्हणत होतोच मी, कासवांना तोड नाही! बाकी कोणीच वाजवत नव्हतं. मग लेक माझ्याकडे वळून बघताना दिसली.