आईचं मनगट

मंगला गौरी, वाराणसी
१८ नोव्हेंबर १९९७

प्रिय नरहरदादा,

तुझं पत्र आणि त्यातलं आईचं तिकीट काल मिळालं. 'कार्तिकस्नान झालं, आता दोन डिसेंबरच्या गाडीला कोणाची तरी सोबत बघून आईला बसवून दे, माघात कुणालची मुंज आहे, पापड-लाडवांना आतापासून लागायला हवं' हे तू दोन वेळा लिहिलं आहेस. आईची तब्येत कशी आहे हे एकदाही विचारलेलं नाहीस. प्रिय लिहिलं ते सवयीनं. पुढचं सवयीनं लिहिणार नाही, तेव्हा दार लावून, एकट्यानं वाच. वहिनीला नंतर दाखवायचं की नाही ते तू ठरव.

दोन वर्षं मी तुझ्याशी नीट बोललेले नाही. दिवाळीला चार ओळींचं पत्र, भाऊबीजेला मनीऑर्डरची पोच, एवढंच. तू सगळ्यांना सांगत असशील की देवश्रीला नोकरीची घमेंड आली. म्हणून आधी नोकरीचंच सांगते, कारण ती मी कशी मिळवली हे तू कधी विचारलंच नाहीस.

एकोणिसाव्या वर्षी मी ट्रस्टच्या इस्पितळात पर्चीच्या खिडकीवर लागले. बाबा तेव्हा होते. दिवसभर नाव, उमर, बाप का नाम, कौन सा विभाग. तीन वर्षांनी बाबा गेले. वर्षभरात तू आईला घेऊन इंदूरला गेलास आणि मी याच दोन खोल्यांत राहिले. खिडकीवर आठ वर्षं काढली. त्र्याण्णव साली ट्रस्टनं नोटीस लावली की कर्मचाऱ्यांपैकी दोघांना एक्स-रेचा दोन वर्षांचा डिप्लोमा करायला मिळेल, फी पूर्ण ट्रस्ट भरेल, पास झाल्यावर पाच वर्षं इथेच काम करायचं. सतरा जणांनी अर्ज केले. माझा अर्ज एक्स-रे विभागाच्या रत्नाकरजींनी स्वतः वाचला आणि विचारलं, "बिटिया, अँधेरे से डर तो नहीं लगता?" मी म्हटलं, आठ साल से खिडकी के उजाले में बैठी हूँ, अब अँधेरा ही दे दीजिए. ते हसले. निवड झाली.

दादा, ती दोन वर्षं मी कशी जगले ते तुला कळणार नाही. सकाळी सातपासून दोनपर्यंत खिडकी, मग सायकल रिक्षानं लंका मोहल्ल्यातल्या कॉलेजात, चार ते सात वर्ग. सत्तावीस वर्षांची बाई, बाकीची सगळी इंटर पास झालेली पोरं. भौतिकशास्त्र मी शाळेनंतर पाहिलं नव्हतं. पण डार्करूममध्ये लाल दिव्याखाली पहिल्यांदा मी काढलेली फिल्म औषधात हलवली आणि कोऱ्या पत्र्यासारख्या फिल्मवर एका कोष्ट्याच्या हाताची पाचही बोटं हळूहळू उमटली, तेव्हा मला रडू आलं. हे माझ्या हातानं झालं होतं. ज्या घरात मला संध्या शिकवली नाही, वेदाचं एक अक्षर शिकवलं नाही, त्या घरातल्या मुलीला कोणीतरी फी भरून काहीतरी शिकवत होतं.

आणि मग तुझी तार आली. मे पंच्याण्णव. 'आई गंभीर, ताबडतोब ये.' माझी प्रॅक्टिकलची परीक्षा तीन दिवसांवर होती. मी रत्नाकरजींच्या हातात तार ठेवली आणि मिळेल त्या गाडीनं निघाले. जनरलच्या डब्यात दाराशी बसून आले. वाटभर मी आईच्या नावानं मंगला गौरीला नवस बोलत होते. तुझ्या दारात पोचले तर आई स्वयंपाकघरात पुरण वाटत होती. बाहेरच्या खोलीत मला बघायला आलेले देवासचे ते गृहस्थ, त्यांची बहीण, आणि तू नवा सदरा घालून. मला तोंड धुवायलाही वेळ न देता वहिनीनं साडी पुढे केली.

मी नाही म्हटल्यावर तू जे बोललास ते मला शब्दन् शब्द आठवतं. "हाडांचे फोटो काढणाऱ्या बाईला कोण करून घेणार? त्या किरणांनी मूल होत नाही हे त्यांना कळायच्या आत उरकायचं होतं." आणि आई? आई पुरण वाटत राहिली. तुझ्यापेक्षा मला तिचाच राग जास्त आला होता, हेही आज लिहून टाकते. परत आले तोवर परीक्षा होऊन गेली होती.

ट्रस्टच्या सेक्रेटरींनी सरळ सांगितलं, एका कर्मचाऱ्याला एकच संधी. मी पुन्हा खिडकीवर. माझ्याबरोबर निवडलेला पुरुष पांढरा कोट घालून माझ्या समोरून जायचा आणि मी बाप का नाम विचारत बसायची. वर्षभर. तार खोटी होती हे मी कोणाला सांगितलं नाही, तुझी लाज वाटून. शेवटी रत्नाकरजींना सांगितलं. ते ऐकताच उठले आणि सेक्रेटरींच्या खोलीत जाऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. अर्ध्या तासानं बाहेर आले ते ट्रस्टचा होकार घेऊन. पुन्हा परीक्षेला बसायचं, फी ट्रस्टच भरणार, पण आता पाचऐवजी सात वर्षं बांधील राहायचं. तुझ्या एका तारेपायी माझी दोन वर्षं. मी सही केली. गेल्या वर्षी पास झाले, विद्यार्थ्यांत दुसरी. तुला पेढे पाठवले होते. तू पोचसुद्धा कळवली नाहीस.

आता आईचं. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी तिच्याशी फारशी बोलत नव्हते. पहाटे पंचगंगा घाटावर न्यायची, आकाशदिवे बघून ती हात जोडायची, मी पायरीवर बसून राहायची. तिसऱ्या दिवशी बघितलं, आंघोळ झाल्यावर ती लुगडं पिळत नव्हती. तसंच थबथबतं खांद्यावर टाकून चढायला लागली. मी म्हटलं, पिळून घे ना, सर्दी होईल. म्हणाली, "राहू दे, वाळतं आपोआप." मी लुगड्याचं एक टोक तिच्या हातात दिलं आणि दुसरं पिळायला लागले. तिच्या हातातून ते सटकन सुटलं. उजवा हात तिनं पदराखाली घेतला. मी तो बाहेर ओढला.

फाल्गुनात तू लिहिलं होतंस, 'आईचा हात जरा मुरगळला होता, आता बरा आहे.' घाटावरून आलो त्याच दिवशी मी तिला इस्पितळात नेलं. हात टेबलावर ठेवायला सांगितलं तर तळवा सपाट टेकेना. मी स्वतः फिल्म काढली, स्वतः धुतली. मनगटाजवळचं हाड मोडून तसंच वाकडं जुळून बसलं आहे, दादा. मुरगळलं नव्हतं. असे हात मी शेकड्यांनी पाहिले आहेत. घाटावर पडलेल्या म्हाताऱ्यांचे, रिक्षातून पडलेल्यांचे. होडी वल्हवणारा गरिबातला गरीब मल्लाहसुद्धा आपल्या आईला दुसऱ्या दिवशी उचलून आणतो. ओली फिल्म हातात धरून मी उभी होते आणि मला तुझा नवा फ्लॅट दिसत होता.

तिनं हळूहळू सांगितलं. वास्तुशांतीच्या दोन दिवस आधी ती नव्या बाथरूममध्ये घसरली. चाळीस माणसं जेवायला होती. तू म्हणालास, "आत्ता डॉक्टरकडे नेलं तर प्लास्टर घालून बसवतील, मग सगळं कोण बघणार?" हाडवैद्यानं तेल चोळून फडकं बांधलं आणि त्याच हातानं तिनं तुझ्या पाहुण्यांसाठी कणीक तिंबली. नंतर सूज उतरली आणि तुम्ही सगळे विसरलात. आठ महिने ती डाव्या हातानं जेवते आहे. तुझ्या ताटासमोर बसून. तुला दिसलं नाही?

मी ओरडले तिच्यावर. त्या तारेचंही बोलले. ती म्हणाली, "तार त्यानं मला न विचारता केली. पण तू आल्यावर मी गप्प बसले, ते माझं." एवढंच. माझ्या रागाला मग कुठे ठेवावं ते कळेना, तेव्हा तो सगळाच्या सगळा तुझ्याकडे आला आहे.

आमचे हाडांचे डॉक्टर म्हणतात, संक्रांतीनंतर ऑपरेशन करून हाड पुन्हा नीट बसवता येईल. पूर्वीसारखा हात होणार नाही, पण पेला धरता येईल, वेणी घालता येईल. कर्मचाऱ्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांवर ट्रस्ट उपचार करतो. मी काल ऑफिसात जाऊन माझ्या कागदांवर आईचं नाव घातलं. बाबूनं विचारलं, बेटा नहीं है क्या इनका? मी म्हटलं, आप बेटी का नाम लिखिए.

तू पाठवलेलं तिकीट आज सकाळी स्टेशनवर जाऊन परत केलं. पण दादा, हे पत्र मी माझ्या मनानं लिहायला बसले नव्हते. मी तुला नुसतं 'आईला ऑपरेशन होईपर्यंत ठेवून घेते' एवढंच कळवणार होते. काल तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. लाडू-पापडांपर्यंत तिनं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "त्याला लिही, मी येत नाही. मुंजीलाही नाही, नंतरही नाही. तुझ्याकडे राहते." मी विचारलं, नक्की? तर खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नक्की. आणि चांगलं रागावून लिही. मला आयुष्यात कधी रागावता आलं नाही."

तुझी बहीण,
देवश्री