निर्विषीच्या शीटवरची मोकळी जागा

बाई, तुम्ही कॉलेजात शिकवलेली ती हिमालयातली निर्विषी आज माझ्या ओट्यावर पडली आहे, म्हणजे ती निर्विषीच असेल तर. इथे अमेरिकेत, श्रूजबरीत, आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंनी यंदा भारतातून येताना तिच्या वाळक्या मुळांची पुडी आणली. काकांना फिट्स येतात. गोळ्यांनी ते दिवसभर पेंगतात म्हणून काकूंनी गोळ्या परस्पर निम्म्या केल्या आणि दुधातून या मुळांची पूड द्यायचं ठरवलं. सुरू करण्याआधी त्यांना मी आठवले, हे नशीबच म्हणायचं. मला घरी बोलावून, पुडी हातात ठेवून म्हणाल्या, "तू बॉटनीवाली ना गं? एवढं फक्त कन्फर्म कर, ओरिजिनल आहे की नाही."

मी म्हटलं, नुसतं बघून नाही सांगता येणार. निर्विषी आणि बचनाग एकाच कुळातले, वाळलेल्या मुळांवरून दोघांत भल्याभल्यांची फसगत होते, आणि बचनागाचा तुकडा चुकून पोटात गेला तर हृदय बंद पडू शकतं. खरी निर्विषी निघाली तरी ती काही तुळस नव्हे. तिच्या इथल्या बहिणी खाऊन अमेरिकेतल्या पश्चिमेकडच्या कुरणांत गुरं मरतात. काकूंनी शांतपणे फोन काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर दाखवला: हिमालयातील दिव्य वनस्पती, झटक्यांवर गुणकारी, संशोधनाने सिद्ध. संशोधन झालंय, बाई, मी वाचलंय. ते उंदरांवर झालंय, प्रयोगशाळेत काढलेल्या अर्कावर. उंदरांच्या गोळ्या कुणी निम्म्या केल्या नव्हत्या. हे मी ज्या आवाजात सांगितलं तो ऐकून काका हसले आणि काकूंचा चेहरा उतरला. "तुम्हा सायंटिस्ट लोकांना आपलं काही अ‍ॅक्सेप्टच करवत नाही," म्हणाल्या. मला इतका संताप आला की पुडी तशीच उचलून मी घरी निघून आले.

घरी येऊन कपाटातून तुमचं शीट काढलं. मी अमेरिकेला निघाले तेव्हा सगळ्यांनी लोणची-मसाले दिले होते, तुम्ही ही वाळवलेली निर्विषी दिलीत, कागदावर चिकटवून, खाली तुमच्या अक्षरातलं लेबल. फुलांचा निळा रंग आता उडून मातकट झालाय. तो दिवस मात्र ताजा आहे. कुमाऊंमधला गवताळ उतार, आपल्या बॉटनीच्या वर्गाची टूर, माझ्या हातात खुरपं. मी अख्खं झाड मुळासकट उपटते आणि शाबासकीसाठी तुमच्याकडे बघते, कारण पुस्तकात तसंच लिहिलंय, नमुना पूर्ण हवा. तुम्ही विचारता, इथे अजून किती दिसतात? मी इकडेतिकडे बघते. एकही दिसत नाही.

"काश्मीरपासून कुमाऊंपर्यंत सापडते, हे पुस्तकातलं झालं," तुम्ही म्हणता. "या उतारावर एवढीच आहे. लाव परत."

आणि सगळ्या वर्गासमोर तुम्ही मला ते मूळ पुन्हा खड्ड्यात बसवायला लावता, माती दाबायला, माझ्या पिण्याच्या बाटलीतलं पाणी घालायला. मग फुलाची एक डहाळी आणि दोन पानं तेवढी कापून घेता. शीटवर देठाच्या खाली वीतभर जागा मोकळी सोडलीत आणि लेबलवर लिहिलंत, 'मूळ जागेवर ठेवले.' परतीच्या गाडीत मुलं मला चिडवत होती आणि मी खिडकीकडे तोंड करून बसले होते.

आज मला तुमचा राग येतोय, बाई. तुम्ही आता या जगात नाही आहात तरी येतोय, त्याला काय करू? तुमच्या शीटवर फूल आहे, पानं आहेत, आणि जे बाजारात विकलं जातं नेमकं ते मूळच नाही, मग हे कशाशी ताडून बघू? तुम्ही एक मूळ वाचवलंत. विकणारे पोत्यांनी उपसतात, आणि आता मिळेनाशी झाली म्हणून तिच्या नावाखाली काहीही खपवतात. त्यातलंच काहीतरी आमच्या काकांच्या दुधात पडणार होतं. तुम्हाला विचारायचं होतं की मी कुणाला लावायला सांगू परत.

मग मी पुडीतलं एक मूळ त्या मोकळ्या जागेवर ठेवून पाहिलं. देठाच्या टोकाला ते असं चपखल बसलं की मी फोन उचलून काकूंना लावलासुद्धा. 'खरी दिसते' एवढंच म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं, रविवारी त्या पुन्हा पोहे घेऊन आल्या असत्या. काकूंनी फोन घेतला. मागून काकांचा पेंगुळलेला आवाज आला, काय म्हणते ती?

"काकू, मला ओळखता येत नाहीये," मी म्हटलं. "हे द्यायचं नाही. गोळ्या आजपासून पूर्ण द्या. पेंग येते ते डॉक्टरांना सांगू, मी येते बरोबर."

 "बघते" म्हणून त्यांनी फोन ठेवला. देतील की नाही, मला माहीत नाही. उद्या सकाळी जाऊन उभी राहणार आहे त्यांच्या दारात.

ते मूळ अजून शीटवरच आहे. कशाचं ते माहीत नसताना ठेवू नये, हे मला कळतं. उचलणार आहे. पण ती जागा भरलेली बघायची मला त्या उतारापासून इच्छा होती, आणि ते तुमच्या तोंडावर कधीच म्हणता आलं नसतं.