पासाची लाइन

तात्या, तुम्ही विजेच्या खात्यात लाइनमन होतात, म्हणून कऱ्हाटीच्या आपल्या घरात लाइन म्हणजे आधी खांबावरची तार. दहावीनंतर दुसरी लाइन आली. "सायन्स लाइन घे, इंजिनियर हो, मलाच हुकूम सोड," असं तुम्हीच म्हणालात आणि मला बारामतीच्या कॉलेजात घातलंत. ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. एसटी स्टँडवर महिन्याच्या पासाला रांग लागायची. त्या दिवशी माझं प्रॅक्टिकल लांबलं, म्हणून वर्गातल्या एका मुलानं रांगेत माझा नंबर धरला; मी पोचले तेव्हा हसून त्याच्या पुढं उभी राहिले. भावकीतल्या एकानं ते पाहिलं आणि मी घरी पोचायच्या आत तुमच्या कानावर घातलं, की एक पोरगा तुमच्या पोरीवर लाइन मारतोय, आन् तीबी हसतीय.

तुम्ही ओट्यावर बसला होतात. माझ्याकडं न बघता म्हणालात, "उद्यापासनं कॉलेज बंद."

"तात्या, पासाची लाइन व्हती. त्यानं नुसता नंबर धरला."

"लाइन म्हंजी काय, ते मला शिकवू नगंस."

आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला. त्याच उन्हाळ्यात तुम्ही मला वरकुट्याला दिलंत.

पुढं धाकटा भाऊ कॉलेजच्या फाटकावर पोरींसाठी उभा राहायला लागला, तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, "मारंना का लाइन. वयच हाय." मी माहेरी आले होते, तुमच्या ताटात वाढत होते. तुम्हाला काही आठवलंसुद्धा नाही. आता मी लोणी देवकरला एका कारखान्यात पॅकिंगच्या लाइनवर उभी असते. तिथली इंजिनियर बाई माझ्याच वयाची आहे. ती मशिनपाशी आली की मी खाली बघते.

तुमच्या शेवटच्या दुखण्यात भेटायला आले, तेव्हा तुम्ही आपणहून विचारलंत, "ती पासाचीच लाइन व्हती काय गं?"

"व्हय."

तुम्ही भिंतीकडं कुशीवर वळलात. मग म्हणालात, "मंग तवाच नीट सांगायचं व्हतंस."

सांगितलं होतं, तात्या. पण एवढंही तेव्हा तोंडातून निघालं नाही. तुम्हाला औषध पाजलं आणि इंदापूरच्या गाडीला बसले.

हे पाठवायचं तरी कुठं? आज रागारागानं तुम्हाला आधी 'तू' लिहून बघितलं. जेमतेम दोन वाक्यं झाली. तो कागद फाडला आणि पुन्हा 'तुम्ही'नंच सुरुवात केली.