शेवटची कॅसेट

अहो,

मासळी आणायला बाजारात जाते. पेज चुलीवर आहे, सुकटाची चटणी झाकून ठेवली आहे.

तुम्ही बोटीवरून आणलेल्या त्या अमेरिकन सिरियलवरून आज विहिरीवर पुन्हा वाद झाला. सावित्रीकाकू म्हणाल्या, सिरियलमधल्या त्या गावात एवढी धूळ, पण एक माणूस आंघोळ करताना दिसत नाही. चिमाला तिथला लंगडा फौजदार, तो शेरीफ, पहिल्यापासून लबाड वाटतो. त्यावर शेजारची राही म्हणाली, लबाड असता तर त्या पोरीसाठी गोळी खाऊन मेला नसता.

मी कळशी उचलून घरी आले.

शेरीफ मरतो हे मलाही माहीत नव्हतं. शेवटची कॅसेट अजून कुणी बघितलेली नाही, आणि अख्ख्या वाडीत व्हिडिओ आपल्याच घरी आहे. मी लांज्याला माहेरी होते तेव्हा लाईटच नव्हती, म्हणून व्हिडिओ लावलाच नाही, असं तुम्हीच सांगितलंत.

आज संध्याकाळी सगळ्यांना बोलावलं आहे, राहीलाही. कॅसेट तुम्ही लावा. मी टीव्हीकडे पाठ आणि तुम्हा दोघांकडे तोंड करून बसणार आहे.

सगुणा